राहिलेली पिशवी

१

पक्षी मोकळा केला की त्याची पिशवी उलटी करून खुंटीवर टांगायची. शिवण बाहेर, दोऱ्यांची टोकं लोंबती. शिवण दिसली म्हणजे पिशवी रिकामी. कापड गुळगुळीत दिसलं, शिवण आत असली, म्हणजे आत जीव आहे आणि तो ताटकळतोय. एवढा एकच नियम. पहिलीतल्या पोरालाही पाठ होईल असा. आणि एवढा एक नियम थोरलीच्या नवऱ्याच्याने पाळवत नव्हता, म्हणून तिचं डोकं सकाळी सकाळी फिरायचं.

त्यांचं काम असं होतं. रानाच्या कडेला वनखात्याची दोन खोल्यांची चौकी, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात लांब टेबल आणि भिंतीवर खुंट्यांची रांग. उजाडायच्या आत पायवाटेवर, झाडांच्या मधे, केसासारखी बारीक काळी जाळी उभी करायची. किड्यांच्या मागे भिरभिरणारे अंगठ्याएवढे पक्षी त्यात अडकायचे. माशीमार, नाचण, वटवट्ये, चष्मेवाले. एकेकाला अलगद सोडवून कापडाच्या पिशवीत घालायचं, नाडी ओढायची, चौकीवर आणून खुंटीला लावायचं. मग टेबलाशी बसून एकेक पिशवी उघडायची. पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटात, पाठ तळव्यात. पंख मोजायचा, वजन करायचं, पायात हलकं कडं घालून पकडीने दाबायचं. शेवटी पोटावर फुंकर मारायची. पिसं दुभंगतात आणि पातळ कातडीखाली चरबी किती साठलीय ते दिसतं. त्यावरून कळतं, हा लांबच्या प्रवासाला निघालाय की इथेच रमलाय. मग मूठ उघडायची. पक्षी भुर्रकन जातो. आपल्याला कोणी धरलं, कशाला फुंकलं, पायात हे काय आलं, यातलं त्याला काय कळत असेल, हा प्रश्न थोरलीला कधी पडला नव्हता.

तिघंच होते तिथे. थोरली; तिचा नवरा, ज्याला धाकटी दाजी म्हणायची म्हणून आपणही दाजीच म्हणू; आणि धाकटी, थोरलीची बहीण. धाकटीचं शहरात शिवणकामाचं दुकान होतं. गेल्या हंगामात चार दिवस राहायला म्हणून आली आणि तिचा जीव तिथे अडकला. या वर्षी ती मशीन घेऊनच आली. पक्ष्यांच्या सगळ्या पिशव्या तिने नव्याने शिवल्या, आणि कापड उरलं म्हणून तिघांना झोपायला त्याच कापडाच्या खोळी शिवल्या. डास लागू नयेत म्हणून तोंडाशी नाडीसुद्धा ओवली.

"आम्हाला खुंटीला टांगू नकोस म्हणजे मिळवली," असं दाजी तेव्हा म्हणाला होता. सगळे हसले होते. धाकटी तर सुई टोचून घेईपर्यंत हसली होती.

व्हरांड्यासमोर एक वाळकी फांदी होती. तिच्या टोकावर एक माशीमार बसायचा, पाठ मातकट, गळ्याशी केशरी डाग. बसायचा, शेपटी झटकायचा, एकदम हवेत झेप घ्यायचा, चोच मिटल्याचा टक् असा आवाज यायचा, आणि पुन्हा त्याच टोकावर. दिवसभर हेच. त्याच्या पायात गेल्या वर्षीचं कडं होतं. म्हणजे कुठल्या कुठे जाऊन हा एवढासा जीव नेमका याच फांदीवर परत आला होता. धाकटीने त्याला पाहुणा नाव ठेवलं होतं. चहाचा कप हातात घेऊन ती त्याच्याशी बोलायची, आणि थोरली म्हणायची, "लग्न लावून देऊ का?"

एका सकाळी पाहुणा जाळ्यात आला. दाजीने त्याला सोडवलं, पिशवीत घातलं, खुंटीला लावलं. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला म्हणून जाळी बंद करायला धावपळ झाली, आणि परत आल्यावर दाजीने आपला ओला रेनकोट काढून त्याच खुंटीवर अडकवला.

संध्याकाळी थोरलीने रेनकोट उचलला. खाली पिशवी होती. गुळगुळीत. शिवण आत.

हे पक्षी एवढेसे असतात की पोटात साठा नसतो. सतत खात राहिले तर जगतात. तिने नाडी सोडली तेव्हा हाताला फक्त हलकेपणा लागला. पाहुण्याचे पंजे कापडात अडकलेले होते. नुसता पडून राहिला नव्हता तो, शेवटपर्यंत चढत होता.

दाजी तिच्या खांद्यावरून वाकला. त्याने जीभ टाळूला लावून आवाज केला. "च्च."

मग पायाला धरून त्याने पाहुण्याला कुंपणापलीकडे भिरकावलं आणि हात पँटला पुसले.

"एखादा जातोच गं या कामात," तो म्हणाला. "मुद्दाम कोण करतं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला याचा राग होताच, पण त्या च्च चा राग त्याहून मोठा होता. बसची वेळ चुकली, चहात साखर कमी पडली, म्हणून माणूस करतो तेवढाच तो आवाज होता.

२

धाकटी त्या दिवशी जेवली नाही. सकाळी तिने मशीनवर कापड टाकून झाकलं आणि बॅग भरायला घेतली.

दाजी दारात उभा राहिला. "अगं, एका पक्ष्यासाठी? हंगाम अर्धा व्हायचाय. तू गेलीस तर आम्हा दोघांना चौकी बंद करावी लागेल. पुढच्या वर्षी परवानगी कोण देणार?"

धाकटी बॅग भरतच राहिली. खूप वेळाने तिने बॅगेतून कपडे परत काढले. "राहते," ती थोरलीला म्हणाली. "दाजींसाठी नाही हं, ताई. मी गेले तर पिशव्या कोण मोजणार?"

त्यानंतर रोज काम संपलं की ती खुंट्यांच्या रांगेवरून हात फिरवत जायची. प्रत्येक पिशवीची शिवण बोटाने चाचपायची, प्रत्येक रेनकोट उचलून बघायची, दारामागेसुद्धा. तिचं झाल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही.

पहाटे उठणारी माणसं दुपारी झोपतात. तिघं आपापल्या खाटेवर खोळीत शिरायची आणि उन्हं कलेपर्यंत मेल्यासारखी पडायची. एका दुपारी थोरलीला जाग आली तेव्हा अंगाला खाट टोचत होती. खोळ अंगावर नव्हती. ती व्हरांड्यातल्या खुंटीवर टांगलेली होती, पिशव्यांच्या रांगेत, नीट मधोमध. आणि उलटी होती. शिवण बाहेर, दोऱ्यांची टोकं लोंबती.

ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने दाजीच्या खाटेला लाथ घातली.

"हे काय थेर आहेत?"

"काय?" दाजी डोळे चोळत म्हणाला.

"माझी खोळ काढून उलटी कोणी टांगली? गंमत वाटते का? त्या पक्ष्याचं झालं ते कमी होतं?"

"मी झोपलो होतो, बाई."

"धाकटे, तू?"

धाकटीने मान हलवली. तिचं लक्ष खोळीकडे होतं. तिने जवळ जाऊन शिवण चाचपली, सवयीने. "रिकामी आहे," ती हळूच म्हणाली. मग तिचं तिलाच विचित्र वाटलं असावं, कारण तिने बोट मागे घेतलं.

थोरलीने स्वतःला समजावलं. झोपेत माणूस चालतं. आपण उठलो असू, उकडलं म्हणून खोळ काढली असेल, हात सवयीने चालले असतील. इतक्या पिशव्या उलट्या केल्यावर हातांना आणखी काय येणार? पटण्यासारखं होतं. पण झोपेत चाललेल्या माणसाचे तळवे मळतात, आणि तिचे तळवे स्वच्छ होते, याचं काय करायचं ते तिला कळेना. म्हणून ती दिवसभर दाजीवर खेकसत राहिली. ते सोपं होतं.

३

पुढच्या वेळी तिची झोप अर्धवटच लागली होती. बाहेर ऊन होतं, कुठेतरी शिंपी पक्षी एकच एक सूर ओढत होता, आणि मशीनची घरघर ऐकू येत होती, म्हणजे धाकटी जागी होती. थोरलीला हे सगळं कळत होतं. फक्त हात उचलता येत नव्हता. मानेच्या दोन बाजूंना काहीतरी होतं. दाबत नव्हतं. नुसतं होतं, इतकं बेताने की हललं नाही तर काही होणार नाही, हे मानेला आपोआप कळावं.

मग पोटावर फुंकर आली.

वारा नव्हता तो. वारा इकडून तिकडे जातो. ही वरून आली, थंड, एका जागी, थोडा वेळ टिकणारी, आणि सदऱ्याचे दोन्ही पदर बाजूला झाले. ती थांबली. पुन्हा एकदा आली, जरा खाली. कोणीतरी नीट बघत होतं.

मशीन थांबली आणि थोरली किंचाळत उठली. सदऱ्याची बटणं सगळी काढलेली होती. एकही तुटलं नव्हतं. खोळ खुंटीवर होती, शिवण बाहेर.

ती अनवाणी धावत सुटली ती थेट जाळ्यांच्या वाटेवर. दाजी तिथे बांबू सरळ करत होता. तिने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, मग दुसरा. "लाज नाही वाटत? झोपलेल्या बाईशी असले खेळ? नवरा असलास म्हणून काय झालं?"

दाजीने हात वर केले. तो हसला नाही, ओरडला नाही, उलट काही विचारलंही नाही. बायको पाठीत गुद्दे घालत असताना नवरा कशाबद्दल म्हणून विचारणार नाही? पण हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"ताई," मागून धावत आलेली धाकटी म्हणाली, "दाजी मघापासून इथेच आहेत. मला खिडकीतून दिसत होते."

थोरली चौकीत परतली. तिने सदऱ्याची बटणं लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. वारा असेल. स्वप्न असेल. दिवसभर दुसऱ्यांच्या पोटावर फुंकर मारणारी बाई, तिला दुसरं कसलं स्वप्न पडणार? तिने हे मोठ्याने म्हणून बघितलं. खोलीत ते चांगलं वाटलं नाही.

४

अंघोळ करताना तिच्या उजव्या पायाला काहीतरी लागलं.

घोट्याच्या वर एक कडं होतं. करड्या रंगाचं, पातळ, इतकं हलकं की पाय उचलल्यावर जाणवतही नव्हतं. ते सैल होतं, गोल फिरत होतं, पण टाचेवरून उतरत नव्हतं. सांधा कुठेच सापडेना. वरती बारीक खुणा कोरलेल्या होत्या, ओळीने. अंक असावेत असं वाटायचं, पण एकही अंक ओळखीचा नव्हता. काम स्वच्छ होतं. थोरलीने इतकी वर्षं कडी घातली होती. हे कडं घालणारा हात सराईत आहे हे तिला लगेच कळलं.

ती ओल्या केसांनी तशीच बाहेर आली. दाजी टेबलाशी बसून सकाळची मापं जुळवत होता. पायात मोजे. भर उकाड्यात, जाड लोकरीचे मोजे.

"तू मोजे कधीपासून घालायला लागलास?"

"गवतात जळवा आहेत."

"काढ."

"अगं, काय चाललंय तुझं हल्ली..."

थोरलीने खाली बसून त्याचा मोजा खेचला. घोट्याच्या वर तसंच करडं कडं होतं. त्याच्याभोवती कातडी सोलवटली होती, पकडीच्या दातांच्या खुणा होत्या. त्याने तोडायचा प्रयत्न केला होता, एकदा नाही, पुष्कळदा. जुन्या जखमांवर खपल्या धरल्या होत्या.

"कधीपासून?"

दाजीने मोजा परत वर ओढायला घेतला.

"पाहुणा मेला त्याच्या आधीपासून?"

"नंतर. लगेच नंतर."

"आणि तू मूग गिळून गप्प बसलास! मी बटणं लावत बसले, मला वाटलं मी वेडी झाले, आणि तू मोजे घालून जळवांच्या गोष्टी सांगतोयस?"

"काय सांगणार होतो?" दाजीचा आवाज चिरकला. "कोणाला सांगणार? तुम्ही दोघी निघून गेला असता. चौकी बंद झाली असती. आणि काही इजा तर होत नाही ना? सोडतातच ना परत?"

हे वाक्य तिघांचंच होतं. चौकी बघायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला दाजी हेच सांगायचा, याच गोड आवाजात. इजा होत नाही, आम्ही सोडतोच परत.

धाकटीने खाटेवर बसून दोन्ही पाय पुढे केले. सडपातळ, गोरे, मोकळे. "मला नाहीये," ती म्हणाली. सुटका झाल्याचा सूर नव्हता त्यात. लग्नाच्या पंगतीत आपलं पान वाढायचं राहिलंय हे लक्षात आल्यावर माणूस बोलतं तशी ती बोलली.

थोरलीने निर्णय घेतला. सकाळी वनखात्याची जीप सामान घेऊन येते, त्याच जीपने निघायचं, तिघांनी. जाळी आत्ताच उतरवायची. आणि आज दुपारी कोणी झोपायचं नाही.

"जाळी मी गुंडाळते," धाकटी म्हणाली. "तुम्ही घाईत एखादं उघडं ठेवाल."

५

थोरलीने तिन्ही खोळी पत्र्याच्या पेटीत कोंबल्या, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. पेटीवर मशीन चढवली. धाकटी जाळी गुंडाळून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती जेवायची चिमणीएवढं, आणि त्या दिवशी तेवढंही खाल्लं नव्हतं.

"ताई, पाच मिनिटं पाठ टेकते. झोपत नाही."

"उघड्या खाटेवर पड. मी इथे बसते."

ती बहिणीच्या उशाशी बसली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात धाकटीचा हात. शिवणकामाने बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. दाजी दारात खुर्ची टाकून बसला होता, मोजे न घालता. बाहेर वाळकी फांदी उन्हात होती. टोकावर कोणी नव्हतं.

आपला डोळा लागला, हे थोरलीने कधीच मान्य केलं नाही. तिचं म्हणणं, फांदीकडे बघत होते आणि एकदम फांदीवर ऊन नव्हतं.

किल्ली मुठीत होती. दुसऱ्या मुठीत काही नव्हतं.

मशीन जमिनीवर होती, हळूच उचलून ठेवल्यासारखी, चाकावरचा दोराही न तुटता. पेटीचं कुलूप लावलेलंच होतं. दाजी खुर्चीत मान टाकून घोरत होता, आणि त्याच्या डोक्यावर, खुंट्यांच्या रांगेत, दोन खोळी टांगल्या होत्या. उलट्या. शिवण बाहेर.

दोनच.

थोरलीने पेटी उघडून बघितली. रिकामी. तिने खाटेखाली बघितलं, दारामागे बघितलं. मग धाकटी करायची तसं तिने भिंतीवरचा प्रत्येक रेनकोट उचलून बघितला. दाजी जागा झाला आणि काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही.

"सोडतील," तो म्हणाला. "आपल्याला सोडलं ना? तिलाही..."

"तोंड उघडू नकोस," थोरली म्हणाली. "एक शब्द काढलास तर जीभ हासडेन."

अंधार पडेपर्यंत दोघं रानात हाका मारत फिरली. थोरली मनातल्या मनात हिशोब करत होती आणि हिशोब करते म्हणून स्वतःवर चिडत होती. पिशवीत घातलेल्या पक्ष्याला फार वेळ ठेवायचं नसतं. आधी लहान जीव, मग मोठे. हा सुद्धा नियम आहे. जो नीट काम करतो तो पाळतो. आणि ती कडी घालणारा हात नीट काम करणारा होता. हात चांगला आहे, ती स्वतःला सांगत राहिली, बटणसुद्धा तुटू दिलं नाही. मग उशीर का?

६

उजाडताना रानात धुकं उतरलं होतं. जीप यायला अवकाश होता. थोरलीने दाजीची कॉलर धरली आणि त्याला जाळ्यांच्या वाटेवर ओढत नेलं, कारण त्याला मागे ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं. प्रेमाने नव्हे. जे असेल ते त्याला बघायला लावायचं होतं.

बांबू उघडे उभे होते. धाकटीने प्रत्येक जाळं गुंडाळून बांबूलाच नाडीने बांधलं होतं, सगळ्या गाठी सारख्या. शेवटच्या बांबूपाशी वाट कुंपणाला टेकते. तिथे थोरली थांबली.

त्या जागी नेहमी आभाळ दिसायचं. आज झाडांच्या शेंड्यांवर काहीतरी टांगलेलं होतं. काळपट, ओलं, प्रचंड. त्याला घड्या होत्या, आणि घड्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. धुकं सरकलं की ते दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. किती उंच आहे ते कळत नव्हतं. थोरलीला एवढंच कळलं की हे कोणीतरी काढून अडकवलंय. भिजलं म्हणून. घाईत. जी खुंटी समोर आली तिच्यावर.

त्याच्या खालच्या कडेतून पांढरं कापड डोकावत होतं. एवढंसं. गुळगुळीत.

दाजीने तोंडावर हात दाबला. त्यालाही दिसलं होतं. न दिसून कसं चालेल, या जगात हे चित्र ओळखणारा त्याच्याइतका माणूस दुसरा कोण होता?

भीती थोरलीला वाटली असेल. पण तिला नंतर आठवायचा तो फक्त संताप. डोळ्यांपुढे लाल झालं. इतकं कसब, इतकी अलगद बोटं, इतक्या बारीक खुणा कोरायची चिकाटी, आणि एवढा साधा नियम पाळता येत नाही?

"ए!" ती वर बघून ओरडली. "ए, कोण आहे तिथे! पिशव्या मोजा! एक राहिलीय!"

धुक्यात तिचा आवाज बसला. तिने दगड उचलून वर भिरकावला. तो पानांत कुठेतरी गेला.

"शिवण बघा! शिवण बाहेर नाहीये, दिसत नाही का? आत माणूस आहे! माझी बहीण आहे! तुमचा कोट उचला, कोटाखाली बघा! कालपासून आहे ती तिथे, एवढीशी आहे, तिने काही खाल्लेलं नाही! अरे, ज्यांना धरायला शिकलात, त्यांना मोजायला नको शिकायला?"

तिचा घसा फाटला. दाजी तिच्यामागे गुडघ्यांवर बसला होता आणि जमिनीकडे बघत होता.

आणि रान थांबलं. वटवट्यांची वटवट एका क्षणात बंद झाली, ठिबकणारं पाणी थांबलं. वर, धुक्याच्या पलीकडे, कोणीतरी कान दिला.

मग ते काळपट, ओलं, हळूहळू बाजूला झालं. मागे आभाळ उजळलं आणि धाकटीची खोळ पूर्ण दिसली, नाडी आवळलेली, एकटी, खूप उंच. हलत नव्हती. आतून कापडाला एका ठिकाणी फुगवटा आला होता, वरच्या बाजूला, नाडीपाशी.

तिला उचलून नेलं. वेगाने, घाईने, हे थोरलीने बघितलं आणि तेवढ्यापुरती तिला आशा वाटली. नाडी सैल केल्याची सरसर ऐकू आली. कापड मागे सारल्याचा आवाज आला. मग फुंकर, लांबट, हळुवार. पुन्हा एकदा फुंकर. मग बराच वेळ काहीच नाही.

मग वरून आवाज आला. झाडांएवढा मोठा होता, पण ओळखीचा होता. जीभ टाळूला लावून केलेला.

च्च.

दाजीने दोन्ही कान झाकले. थोरलीने झाकले नाहीत. ती वर बघत उभी राहिली, मूठ वळलेली, तोंड उघडं, आणि द्यायला एकही शिवी तिला सापडेना.

कुंपणापलीकडे, ओल्या पाचोळ्यात, काहीतरी पडल्याचा आवाज झाला. फार मोठा नव्हता तो. निदान तो आवाज तरी मोठा असायला हवा होता.